लिटल अंदमानला जायचंय? आधी परतीचं जहाज ठरवा

अंदमान म्हटलं की आपल्याकडे आधी सेल्युलर जेल आठवतं, सावरकरांची कोठडी आठवते. मग पॅकेज टूरमधलं हॅवलॉक आणि नील. त्या यादीत लिटल अंदमान सहसा नसतं. पोर्ट ब्लेअरहून दक्षिणेला समुद्रमार्गे सुमारे १२० किलोमीटरवर हे बेट आहे आणि त्याचा पसारा ७०० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्याहून मोठा. पण वस्ती म्हणाल तर पूर्व किनाऱ्याला धरून एक मुख्य रस्ता आणि त्याच्या कडेची गावं. बाकी जंगल, खाड्या, कांदळवनं आणि मैलोगणती मोकळा किनारा.

मी तिथे दोनदा गेलोय. पहिल्यांदा तीन दिवसांचा हिशेब करून गेलो आणि तो साफ चुकला. समुद्र खवळलेला असल्याने जायचं जहाज एक दिवस सुटलंच नाही. परतीचंही लांबलं, चेन्नईचं विमान गेलं आणि ऐनवेळची तिकिटं काढताना घरचं सगळं गणित कोलमडलं. बेटावर जेमतेम एक पूर्ण दिवस मिळाला. दुसऱ्यांदा बायको आणि दहा वर्षांची मुलगी बरोबर होती आणि हाताशी अकरा दिवस होते. पुढे लिहिलंय ते त्या दुसऱ्या खेपेवरून.

परतीपासून उलटं मोजा

आपण सहलीची आखणी निघण्याच्या दिवसापासून करतो. इथे ती परतीच्या विमानापासून मागे मोजत करायची. विमानाच्या आधीचे दोन दिवस पोर्ट ब्लेअरसाठी मोकळे ठेवा. त्याच्या आधी बेटावर चार-पाच दिवस. जातानाही पोर्ट ब्लेअरमध्ये दोन दिवस. येण्याजाण्याचे धरून दहा-अकरा दिवस होतात. एवढी रजा मिळत नसेल तर यंदा लिटल अंदमानचा नाद सोडा, असं मी स्पष्टच सांगतो. हॅवलॉक-नील छान बघून होईल आणि जीव टांगणीला लागणार नाही.

हे मोकळे दिवस वाया जात नाहीत. पोर्ट ब्लेअरहून दक्षिणेला, दक्षिण अंदमान बेटाच्या टोकाला चिडिया टापू आहे. तिथे पहाटे गेलात तर आपल्या सह्याद्रीतला भृंगराज भेटतो आणि जगात फक्त अंदमानातच सापडणारा काळाभोर मोठा सुतारही दिसू शकतो. सिप्पीघाटची पाणथळ जागाही बघण्यासारखी आहे. २००४ च्या भूकंपात इथली जमीन खचली, शेतात समुद्राचं पाणी शिरलं आणि भातखाचरांच्या जागी आता बगळे आणि बदकं आहेत. वांडूरहून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉय बेटावर बोट जाते. सोमवारी ती बंद असते, तेव्हा वार बघून ठरवा.

कधी जायचं

अंदमानला दोन्ही पावसाळे झोडपतात. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. समुद्र शांत असतो, जंगलातल्या वाटा वाळलेल्या असतात आणि जळवांचा त्रास कमी होतो. दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा मोह होईल, पण त्या दिवसांत बंगालच्या उपसागरात वादळांचा हंगाम असतो. जहाजं रद्द होण्याची शक्यता तेव्हाच जास्त.

महिना ठरला की पंचांग उघडा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, तशीच ओहोटीही खोलवर जाते. खडकातली डबकी, त्यातले मासे, प्रवाळाचे उथळ पट्टे बघायचे असतील तर हेच दिवस चांगले. अष्टमीच्या सुमारास भांग असतं, तेव्हा पाणी फारसं चढत-उतरत नाही. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचं जे गणित आहे ते मात्र तिथे लावू नका, वेळा जुळत नाहीत. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं, ते फोनमध्ये उतरवून ठेवा.

आणखी एक. घड्याळ आपलंच असलं तरी बेट आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे. पहाटे पाचला उजाडायला लागतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी आठला आरामात निघणाऱ्या माणसाने पक्ष्यांची सगळी वेळ गमावलेली असते. आम्ही साडेचारला उठायचो, नऊपर्यंत फिरायचो, दुपारी झोपायचो आणि तीनला पुन्हा बाहेर पडायचो. दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

पोर्ट ब्लेअर आणि जहाजाचं तिकीट

मुंबई-पुण्याहून चेन्नई किंवा कोलकाता आणि तिथून वीर सावरकर विमानतळ, हा नेहमीचा मार्ग. सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे. कागदोपत्री आणि पाट्यांवर ते दिसेल, बोलण्यात दोन्ही नावं चालतात.

हॅवलॉकला जशा खाजगी वातानुकूलित वेगवान बोटी आहेत तशा धरून लिटल अंदमानचा बेत करू नका. इथे भिस्त सरकारी जहाजावर. ही जहाजं बेटकऱ्यांच्या गरजेसाठी चालतात. रुग्ण, विद्यार्थी, सामान, सरकारी कर्मचारी यांच्यासाठी. त्यामुळे बेटकऱ्यांना प्राधान्य आहे आणि ते योग्यच आहे. तिकिटं जहाज सुटण्याच्या काहीच दिवस आधी खुली होतात, म्हणून महाराष्ट्रात बसून दोन महिने आधी सगळं पक्कं करता येत नाही. उतरल्याच्या दिवशीच फिनिक्स बे जेट्टीवरच्या तिकीटघरात जा. पुढची जहाजं कधी आहेत, कोणत्या धक्क्यावरून सुटतात आणि परतीची नोंद कधी सुरू होते, हे तिन्ही विचारा. आधारकार्डाच्या चार-पाच झेरॉक्स जवळ ठेवा. ऑनलाइन तिकिटाची सोय आहे, पण खिडकीवरच्या माणसाकडून मिळालेली माहिती जास्त खरी निघते. हेलिकॉप्टरही आहे. त्यातही रुग्ण आणि बेटकरी आधी, तेव्हा त्यावर विसंबू नका.

प्रवास सहा ते आठ तासांचा, बहुतेकदा रात्रीचा. बंकचं तिकीट मिळालं तर घ्या, झोप होते. बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी जहाज सुटण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

आम्ही गेलो त्या रात्री आमच्या शेजारी कोंबडीच्या पिल्लांचे दोन खोके, एक नवा टीव्ही आणि शाळेच्या पुस्तकांचे गठ्ठे होते. समोरच्या बंगाली आजींनी विचारलं, "कहाँ से आए हो? इधर कौन है तुम्हारा?" कोणी नाही, जंगल बघायला आलोय, म्हटल्यावर त्यांनी डब्यातलं नारळाचं नाडू, म्हणजे लाडू, मुलीच्या हातावर ठेवलं आणि बजावलं, "खाड़ी के पास मत जाना." बेटावरची सगळ्यात कामाची सूचना आम्हाला अशी जहाजावरच मिळाली. पहाटे डेकवर आलो तेव्हा क्षितिजावर एक लांबलचक काळी रेघ होती आणि तिच्या एका टोकाला थोडेसे दिवे. ते टोक म्हणजे हट बे, बेटाचं बंदर. उरलेल्या रेघेवर एकही दिवा नव्हता.

कुठे जायचं नाही

हे मुद्दाम फिरण्याच्या जागांआधी लिहितोय. हे बेट मुळात ओंगे लोकांचं. हजारो वर्षं ते इथे राहतायत आणि आज त्यांची संख्या शंभराच्या घरात उरली आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं गेलं, पुढे निकोबारी कुटुंबंही आली. जंगल तुटलं, ओंगेंची जागा आक्रसत गेली. बेटाचा मोठा भाग आज त्यांच्यासाठी राखीव आहे. डुगॉन्ग क्रीकची वस्ती त्यातच येते. तिथे जाणं, वाटेत कोणी भेटलं तर फोटो काढणं, खाऊ किंवा वस्तू देणं हे सगळं १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाने गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. कोणी "मैं ले जाता हूँ, किसी को पता नहीं चलेगा" म्हणालं तर नाही म्हणा. बाहेरून आलेल्या साध्या सर्दी-गोवराने या लोकसमूहांचे किती बळी गेले ते अंदमानच्या इतिहासात वाचायला मिळतं. कायदा नसता तरी मी गेलो नसतो.

भारतीय नागरिकाला हट बे आणि महसुली गावांत फिरायला वेगळा परवाना लागत नाही. जंगलात आत जायचं असेल, कासवांच्या किनाऱ्यांचं काही विचारायचं असेल, तर पहिल्याच दिवशी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन या. आपण कुठे राहतो आणि कुठे जाणार हे सांगा. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, तो घरीच राहू द्या.

उतरल्यावर

हट बेच्या धक्क्याजवळ रिक्षा आणि जीप असतात. बेटावर पत्ते किलोमीटरमध्ये सांगतात, धक्क्याकडून उत्तरेला मोजून. "ग्यारह किलोमीटर" म्हणजे नेताजीनगर, "चौदह किलोमीटर" म्हणजे बटलर बे. हे एकदा लक्षात आलं की कुठेही जाता येतं. राहायला नेताजीनगरच्या बाजूला साधी लॉज आणि झोपड्या मिळतात. आठ दिवस आधी फोन करून खात्री करा. वीज जाते, पाणी बादलीत घ्यावं लागतं, रात्री छपरावर पाली बोलतात. निसर्ग बघायला आलोय म्हटल्यावर हे सगळं त्यात आलंच.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हट बे जवळजवळ पुसून टाकलं होतं. आज दिसते ती बरीचशी वस्ती त्यानंतर नव्याने उभी राहिली. त्या दिवशी ओंगे लोक समुद्राची चाहूल ओळखून उंचावर गेले आणि वाचले. तेव्हा पहिल्याच संध्याकाळी आपल्या खोलीपासून चढाची वाट कुठे आहे ते पायाने चालून बघा. जमीन जोरात हलली किंवा पाणी अचानक दूर ओसरलं तर सामान न उचलता त्या वाटेने निघायचं, हे मुलांनाही सांगून ठेवा.

जेवण म्हणजे मासे-भात, डाळ, पुरी-भाजी. शाकाहारी असाल तर सकाळीच सांगा, आनंदाने करून देतात. पैसे रोख, तेही पोर्ट ब्लेअरहून निघतानाच काढलेले. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली, तिचा एक फाटा लिटल अंदमानलाही आहे, त्यामुळे फोन पूर्वीपेक्षा बरा चालतो. तरी सगळे व्यवहार फोनवर सोडू नका.

पाण्यात उतरण्याआधी

बटलर बे हा मोठ्या लाटांचा, लांब पसरलेला किनारा. लाटांवर स्वार होणारे लोक जगभरातून इथे येतात, यावरूनच पाण्याचा जोर कळावा. जीवरक्षक असतील तिथेच उतरा. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मधे एखादा पट्टा शांत, गडद दिसत असेल तर तो सुरक्षित वाटतो, पण पाणी तिथूनच आत ओढलं जात असतं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहण्याची धडपड करू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा, मग लाटाच बाहेर आणतात. लहान मुलांना घेऊन काला पत्थरच्या खाजणासारख्या आडोशाच्या पाण्यात डुंबणं बरं, तेही स्थानिकांना विचारून.

विचारायचं ते मगरींबद्दल. या बेटावर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्या आपल्या नदीतल्या मगरींपेक्षा मोठ्या आणि कितीतरी आक्रमक असतात. खाडीचं मुख, कांदळवन, ओढा समुद्राला मिळतो ती जागा, इथे घोटाभर पाण्यातही थांबायचं नाही. संध्याकाळी आणि रात्री तर मुळीच नाही. ओहोटीच्या वेळी ओढा ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर जाणं सोपं वाटतं. भरती आल्यावर परत येताना तोच ओढा छातीइतका होतो. आजी सांगत होत्या ते हेच.

जंगल आणि धबधबे

व्हाइट सर्फ धबधबा हट बेपासून जवळ, सहज होणारा. व्हिस्पर वेव्हला जायला जंगलातून काही किलोमीटर चालावं लागतं आणि वाटाड्याशिवाय जाऊ नये. आमचा वाटाड्या गावातला तरुण मुलगा होता. त्याने अर्ध्या वाटेवर सगळ्यांना गप्प बसवलं आणि पंधरा मिनिटं तसंच बसायला लावलं. आधी काहीच नव्हतं. मग डोक्यावर पोपटांचा थवा उतरला. दूर कुठे तरी फळ पडल्याचा आवाज आला, मग आणखी एक. गर्जन नावाच्या झाडांचे सरळसोट बुंधे वर बघून मान दुखेपर्यंत जातात. काही झाडांची आधारमुळं तर भिंतीसारखी उभी होती, आमची मुलगी तिथे उभी राहिली तर दिसेना. चालत राहिलो असतो तर यातलं काहीच पदरात पडलं नसतं. म्हणून जंगलातल्या चार तासांपैकी एक तास बसण्यासाठीच ठेवा.

धबधब्याच्या डोहात उतरण्याआधी वाटाड्याला विचारा. पायात बूट, पूर्ण पँट, आणि अंधारात बॅटरीशिवाय एक पाऊल टाकायचं नाही, साप आहेत. किनाऱ्यावर समुद्रगरुड आणि खडकांवरचा समुद्रबगळा यांच्यासाठी साधी दुर्बीणही पुरते.

कासवं

लिटल अंदमानच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यांवर चामडपाठी कासव अंडी घालायला येतं. जगातलं हे सगळ्यात मोठं कासव, वजन पाचशे किलोच्या वर जाऊ शकतं. २०११ ते २०१४ या काळात इथल्या काही माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली होती. त्यातल्या काही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला गेल्या, तर एक सुमारे १३,००० किलोमीटर पोहत आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ मोझांबिकला पोहोचली.

पण हे बघायला मिळेलच असं धरून जाऊ नका. पश्चिमेचा किनारा राखीव क्षेत्रात आहे, तिथे जाता येत नाही. इतरत्र वनखात्याने परवानगी दिली, त्यांचा माणूस बरोबर असला, तरच रात्री किनाऱ्यावर जायचं. पांढरा उजेड नाही, फ्लॅश नाही. मादी खड्डा खणत असताना जवळ गेलं तर ती अंडी न घालताच परत फिरते. ज्यांना कासवांची सवय नाही त्यांनी आधी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जाऊन यावं. तिथे ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडताना गावकरी लोकांना दोरीमागे कसं उभं करतात, मुलं कशी श्वास रोखून बघतात, ते पाहिलं की अंदमानात कसं वागायचं ते सांगावं लागत नाही.

आमच्या वाट्याला कासव आलं नाही. त्याऐवजी खेकडे आले. रात्री आठच्या सुमारास नेताजीनगरच्या वाळूत बॅटरीवर लाल कागद लावून बसलो होतो. एका पडक्या नारळाभोवती शंखात राहणारे वीसेक खेकडे जमले होते. एक खेकडा रिकाम्या शंखाशी आला. नांगीने तो फिरवला, तोंड आतून चाचपलं, पुन्हा फिरवला. मग क्षणार्धात आपलं मऊ, वाकडं, उघडं अंग जुन्या शंखातून काढून नव्यात घातलं. त्याने सोडलेल्या शंखाकडे लगेच दुसरा, लहान खेकडा सरकला. त्या घोळक्यात एक होता तो मात्र बाटलीच्या निळ्या झाकणात राहत होता. झाकण त्याला धड पुरत नव्हतं. मुलीने विचारलं, "बाबा, त्याला शंख का नाही मिळाला?"

शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलायचे नाहीत, मेलेले आणि वाहून आलेलेसुद्धा. अनेक शंख आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, विमानतळावर सामान तपासतात आणि सापडलं तर कारवाई होते.

सामानात काय हवं

वाळूतल्या बारीक माश्या हा या किनाऱ्यांचा खरा जाच. चावतात तेव्हा कळत नाही, दुसऱ्या दिवशी खाज सुटते आणि खाजवलं की जखमा चिघळतात. वाळूत थेट लोळू नका, चटई घ्या, पहाटे-संध्याकाळी पायांना खोबरेल तेलाचा जाड थर लावा. खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून जवळ ठेवा. बेटावर मलेरिया होत आलेला आहे, म्हणून मच्छरदाणी न्या, अंगभर कपडे न्या आणि परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना अंदमानचं नाव आवर्जून सांगा. हट बेला सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण गंभीर रुग्णाला पोर्ट ब्लेअरलाच न्यावं लागतं. नेहमीची औषधं दुप्पट दिवसांची घ्या.

पाणी गाळण्याची बाटली, ओआरएसची पाकिटं, दोन बॅटऱ्या, पॉवर बँक, सामान भिजू नये म्हणून जाड पिशव्या, घट्ट बसणाऱ्या सँडल. वेफर्स-बिस्किटांची वेष्टनं घरीच काढून डब्यात भरा. बेटावर गेलेला प्लॅस्टिकचा कागद तिथेच जाळला जातो किंवा समुद्रात जातो. म्हणून एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी ठेवा आणि ती पोर्ट ब्लेअरला परत आणा.

परतीच्या दिवशी जहाजाच्या बरंच आधी खोली सोडा आणि धक्क्यावर बसून सगळ्यांचे खिसे, बूट, बॅगांचे कप्पे झाडा. आम्ही झाडले तेव्हा मुलीच्या जॅकेटच्या खिशात सुपारीएवढा एक शंख निघाला. रिकामा वाटला म्हणून तिने ठेवला होता. तळहातावर धरला तर थोड्या वेळाने आतून दोन मिशा बाहेर आल्या. ती रडायलाच लागली. जहाजाला अजून तीन तास होते. रिक्षा केली, अकरा किलोमीटर परत गेलो, आणि तिने तो त्याच पडक्या नारळाजवळ ठेवला.